घरातील चित्रपटगृह आणि कानाची साक्ष

घरात चित्रपटगृहासारखा आवाज हवा म्हणून जो गृहस्थ दुकानाची पायरी चढतो, त्याच्यापुढे गेली वीस-पंचवीस वर्षे एक प्रश्न ठाण मांडून बसला आहे. एका बाजूला जुन्या पद्धतीचा रिसीव्हर असतो: काळा, अवजड, वर हात ठेवला तर ऊब लागणारा. दुसऱ्या बाजूला स्वतःला ‘डिजिटल’ म्हणविणारा नवा: हलका, थंड आणि अंगाने सडपातळ. विक्रेता सांगतो, नव्याचा आवाज अधिक स्वच्छ. बरोबर आलेला जाणकार शेजारी म्हणतो, जुन्याच्या आवाजात जो ओलावा आहे तो नव्यात कुठला? दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतात. परंतु ते एकाच वस्तूविषयी बोलत असतात, हे मात्र गृहीत धरू नये. या वादाचा निकाल इतकी वर्षे लांबला, त्याचे मुख्य कारण मला तरी हेच दिसते.

‘डिजिटल’ या एका शब्दाने येथे दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या जातात. एक अशी की, आवाज यंत्रापर्यंत अंकांच्या रूपाने येतो. दुसरी अशी की, स्पीकरला हलविणारी शक्ती यंत्र कळ उघडझाप केल्यासारखी तुकड्यातुकड्यांनी पुरविते. पहिली गोष्ट घरात आली १९९५ च्या सुमारास. दुसरी खऱ्या अर्थाने आली ती २००० नंतर. मधल्या काळात असे किती तरी रिसीव्हर विकले गेले, की ज्यांच्या दर्शनी भागावर ‘डिजिटल’ची पाटी होती आणि पोटात मात्र जुनाच संसार मांडलेला होता. म्हणून दोन्हींचा इतिहास वेगवेगळा पाहिला पाहिजे.

रिसीव्हर हा शब्द मूळचा रेडिओचा. बडोद्याला संस्थानी राजवटीत १९३९ साली, गोव्यात पोर्तुगीज अमलात १९४६ साली, धारवाडला १९५० साली आणि इंदूरला १९५५ साली नभोवाणी केंद्रे सुरू झाली, तेव्हा आपल्या घरांतून जी पेटी ऐकली जाई ती रिसीव्हरच होती. लहरी पकडायच्या, त्यांतून आवाज वेगळा काढायचा, तो वाढवायचा आणि कर्ण्याला द्यायचा, ही सारी कामे त्या एका पेटीत होत. कळ फिरविल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागे. काही संचांवर हिरवा डोळा असे, तो मिटत आला की केंद्र नीट लागले असे समजायचे. पुढे पेटीत दोन आवाजांची सोय झाली, मग पाच-सहांची झाली, तरी नाव तेच राहिले. आज होम थिएटरच्या पेटीतला रेडिओ क्वचितच कोणी लावतो, पण तिला रिसीव्हर म्हणणे काही सुटलेले नाही.

जुन्या पेटीचा कर्णा एकच. एका कर्ण्यातून दिशा कशी उमटणार? हा प्रश्न १९३१ साली लंडनमध्ये अ‍ॅलन ब्लूमलिन या अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनियराला पडला, आणि पडला तोही चित्रपटगृहात. नट पडद्याच्या एका टोकाला चालत जातो आणि त्याचा आवाज मात्र आपली जागा सोडीत नाही, हे त्याला खटकले. यावर आपल्याजवळ उपाय आहे असे त्याने शेजारी बसलेल्या पत्नीला सांगितले, अशी हकीकत आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दोन मायक्रोफोनांची मांडणी होती, आणि तबकडीच्या एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरण्याची युक्तीही होती. १९४२ साली रडारच्या चाचणीसाठी निघालेले विमान कोसळून ब्लूमलिन मरण पावला, तेव्हा तो अवघा अडतीस वर्षांचा होता. स्टिरिओ तबकड्या बाजारात सर्रास दिसू लागल्या त्या १९५८ साली. संगीताच्या षोकिनांनी स्टिरिओ आपला मानला खरा. परंतु त्याची पहिली गरज भासली ती बोलणाऱ्या माणसाचा आवाज त्याच्या तोंडाशी नेऊन बसविण्यासाठी. हे लक्षात ठेवावे, कारण घरी चित्रपट पाहताना आपली मुख्य तक्रार आजही संवादांचीच असते.

डिस्नेच्या ‘फँटेशिया’ने १९४० साली प्रेक्षकांना चहूकडून आवाज ऐकविला, पण त्याची सामग्री इतकी खर्चिक होती की ती मोजक्याच चित्रपटगृहांत बसली. त्या मार्गाने घरापर्यंत काही पोहोचले नाही. घरापर्यंत जो रस्ता आला तो रे डॉल्बी या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या हातून, आणि त्याच्या आयुष्याची दोन वर्षे भारतात गेलेली आहेत. १९६३ ते १९६५ या काळात तो युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत काम करीत होता. येथून जाऊन १९६५ साली त्याने लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. त्याचे पहिले काम ध्वनिफितीतील सुस्कारा कमी करण्याचे. मग तो चित्रपटांकडे वळला.

३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला ध्वनिपट्टीसाठी जागा ती केवढी! तीत दोन पट्ट्या मावत होत्या, आणि हवे होते चार आवाज: डावा, मधला, उजवा आणि प्रेक्षकांच्या मागचा. डॉल्बीच्या मंडळींनी चार जणांचा मजकूर दोन पोस्टकार्डांवर लिहिला. मधला आवाज दोन्ही पट्ट्यांवर सारखा उमटवायचा. मागचा आवाज दोन्हींवर उमटवायचा, पण एकमेकांच्या उलट. वाचणाऱ्या यंत्राने दोन्ही पट्ट्या ताडून पाहायच्या. जे सारखे दिसेल ते मध्ये, जे उलटे दिसेल ते मागे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने ही पद्धत गाजविली. पुढे हेच चित्रपट व्हिडिओ फितींवर आले, तेव्हा त्या दोन पट्ट्यांत दडलेले चारही आवाज आपोआप घरी पोहोचले होते. ते उलगडणारी पेटी तेवढी हवी होती. १९८२ साली ‘डॉल्बी सराउंड’ आणि १९८७ साली ‘प्रोलॉजिक’ या नावांनी ती आली. पारंपरिक होम थिएटर रिसीव्हर म्हणतात तो हाच.

त्याची मर्यादा पोस्टकार्डाचीच होती. एकाची शाई दुसऱ्याच्या मजकुरात उतरे. मागचा आवाज एकच, आणि त्यातही सेकंदाला सात हजार कंपनांच्या वरचे सूर गाळलेले. प्रोलॉजिकमधली युक्ती अशी की, जो आवाज त्या क्षणी जोरकस असेल त्याची दिशा ठळक करायची. पण पडद्यावर चहूकडे पाऊस पडतो आहे आणि नायक अचानक ओरडला, तर पाऊसही क्षणभर त्याच्याबरोबर पुढे धावे. ज्यांनी हे ऐकले आहे त्यांना जुन्याच्या आठवणीने उगाच गहिवरून येण्याचे कारण नाही.

१९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर फिल्मच्या कडेच्या भोकांमधल्या रिकाम्या जागेत अंक छापले गेले. दुसऱ्याच वर्षी ‘ज्युरासिक पार्क’ने प्रतिस्पर्धी पद्धत आणली, तीत फिल्मवर केवळ वेळेच्या खुणा आणि आवाज वेगळ्या सीडीवर. आता पाच आवाज पूर्णपणे स्वतंत्र झाले, आणि सहावा निव्वळ खर्जासाठी, १२० कंपनांच्या खालच्या गडगडाटापुरता. १९९५ साली लेझर डिस्कवरून आणि १९९६ च्या अखेरीपासून डीव्हीडीवरून हे घरी आले. दिशेच्या बाबतीत वाद येथेच संपला. सहा जणांना सहा पोस्टकार्डे मिळाली. संवाद मधल्या स्पीकरमध्ये स्थिर झाले. पाऊस जागच्या जागी पडू लागला.

याची किंमत मात्र मोजावी लागली. सीडीवर दोन आवाजांसाठी सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट खर्च होतात. डीव्हीडीवरच्या डॉल्बी डिजिटलमध्ये सहाही आवाज मिळून फार तर ४ लाख ४८ हजार. चित्रपटगृहातल्या फिल्मवर तर ३ लाख २० हजारांतच भागविले जाई. मोठ्या आवाजाच्या सावलीत जो बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, तो लिहायचाच नाही, या तत्त्वावर ही काटकसर चालते. कान बहुधा फसतो. क्वचित, टाळ्यांच्या कडकडाटात किंवा झांजांच्या लांबत जाणाऱ्या निनादात, फसत नाही. तेव्हा ज्या रसिकांनी सीडी आणि डीव्हीडी शेजारी लावून काही उणे असल्याचे सांगितले, ते सारे भ्रमात होते असे म्हणवत नाही. २००६ साली ब्लू-रे आली, तिच्यावर काहीही न गाळता आवाज ठेवण्याइतकी जागा झाली, आणि त्या आक्षेपातला जोर गेला.

आता दुसरा ‘डिजिटल’. अंकांचे विजेत रूपांतर झाले तरी स्पीकरचा पडदा हलविण्यापुरती शक्ती त्यात नसते; ती अ‍ॅम्प्लिफायर पुरवितो. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरात ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखे काम करतात. हवी तेवढी वीज पुढे जाऊ द्यायची, उरलेली स्वतः सोसून उष्णता करायची. घरातल्या पंख्याचा जुना, पेटीसारखा रेग्युलेटर आठवावा. पंखा हळू फिरविला की तो तापे, कारण वाचलेली वीज वाचत नसून त्याच्या पोटात जळत असे. नव्या रेग्युलेटरने विजेचे तुकडे पाडून काम भागविले, आणि तापणे थांबले. अ‍ॅम्प्लिफायरातही तेच घडले. येथे ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद, आणि ही उघडझाप सेकंदाला लाखो वेळा. उघडे राहण्याचा काळ कमीअधिक करून आवाजाचा चढउतार घडवायचा, आणि शेवटी एका वेटोळ्याच्या गाळणीतून ती उघडझाप गाळून टाकायची. जुन्या, बी वर्गाच्या पद्धतीत गणिताने निघणारी कमाल कार्यक्षमता साडेअठ्ठ्याहत्तर टक्के. प्रत्यक्ष घरगुती वापरात ती पुष्कळच खाली येते. नव्या पद्धतीत ती नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून ही पेटी हलकी आणि थंड. हिला ‘डी वर्ग’ म्हणतात, आणि यातला ‘डी’ म्हणजे डिजिटल, असे विक्रेतेसुद्धा सांगतात. वस्तुतः ए, बी, सी ही अक्षरे आधी वापरून झाली होती, म्हणून डी.

कल्पना नवी नव्हती. १९६४ साली इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरने ‘एक्स-१०’ नावाचा डी वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर सुट्या भागांच्या रूपात विकला होता. त्या काळच्या ट्रान्झिस्टरांना इतकी झटपट उघडझाप झेपेना. जाहिरातीतली शक्ती प्रत्यक्षात मिळेना. आणि तो शेजारच्या रेडिओत खरखर उठवी. डी वर्गाचे नाव तेव्हा जे बिघडले, ते सुधारायला पस्तीस-चाळीस वर्षे लागली. डेन्मार्कमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस यावर चांगले काम झाले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्यातील एका पद्धतीच्या चिप काढल्या. आणि पॅनासॉनिकने ‘एक्सआर’ मालिकेचे रिसीव्हर बाजारात आणले, ज्यांत अंकांचे सरळ स्पंदांत रूपांतर होई. स्वस्त, हलके आणि वाजविणाऱ्याला चकित करणारे. वादाला खरे तोंड फुटले ते येथे.

कोणी म्हणे आवाज लख्ख, कोणी म्हणे टोचणारा, कोणी म्हणे मंद. गंमत अशी की, तिघेही खरे बोलत असणे शक्य होते. शेवटची गाळणी स्पीकरच्या विद्युतरोधावर अवलंबून वागते. त्या पहिल्या पिढीतील पुष्कळ यंत्रांत गाळणीच्या पलीकडे काय झाले याची खबर अ‍ॅम्प्लिफायरला परत मिळण्याची व्यवस्था नव्हती. त्यामुळे आठ ओहमच्या स्पीकरवर वरचे सूर किंचित उसळत, चार ओहमच्या स्पीकरवर बसत. फिलिप्समध्ये ब्रुनो पुट्झेस याने २००१ साली जी रचना केली, तीत गाळणीनंतरचा आवाज तपासून चूक दुरुस्त करण्याची सोय होती, आणि अशा रचनांमुळे तो दोष मावळत गेला. म्हणजे, २००४ साली एखाद्याने दिलेली साक्ष आज जशीच्या तशी ग्राह्य धरता येत नाही. ट्रान्झिस्टरच्या बाबतीतही पूर्वी असेच झाले होते. १९६० च्या दशकातले पहिले ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर मंद आवाजात खरोखरीच कर्कश असत, व्हॉल्व्हवाल्यांनी नाके मुरडली ती उगाच नव्हे. दहा वर्षांत दोष गेला, पण मुरडलेली नाके पुष्कळ काळ तशीच राहिली.

साक्षीचा प्रश्न निघालाच आहे तर थोडे मागे जाऊ. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत जाहीर कसोट्या मांडल्या. गायिका यंत्राशेजारी उभी राही, यंत्र तिचीच तबकडी वाजवी, मध्येच ती गाणे थांबवी, आणि अंधाऱ्या सभागृहात बसलेल्या लोकांना ती केव्हा थांबली ते सांगता येत नसे! आज ती तबकडी ऐकली तर शाळकरी पोरही फरक ओळखील. गायिका आपला आवाज यंत्राच्या बेताचा करून गात, हे पुढे उघड झाले. पण लोकांच्या मनाची तयारीही त्यात होतीच. उलट दिशेचे उदाहरण १९७८ चे. ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकासाठी क्वाड कंपनीच्या तीन पिढ्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरांची तुलना झाली: एक व्हॉल्व्हचा, दोन ट्रान्झिस्टरचे. कोणता वाजतो आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितले नव्हते, आणि आवाजाची पातळी काटेकोर सारखी ठेवली होती. ऐकणारे सराईत होते, तरी अंदाजाने मिळेल त्यापलीकडे कोणालाही यश आले नाही.

पातळी सारखी ठेवणे, यात सारे मर्म आहे. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असला, तर कानाला तो मोठा न वाटता चांगला वाटतो. दुकानात ही दक्षता कोणीही घेत नाही. शिवाय चाळिशी उलटलेल्या माझ्यासारख्याच्या कानाला सर्वांत वरचे सूर मुळीच ऐकू येत नाहीत. तेव्हा त्या सुरांच्या झळाळीवर आम्ही मंडळींनी किती अधिकारवाणीने बोलावे?

मग संवाद कळत नाहीत, ही तक्रार कोणाच्या माथी मारायची? बहुतेक वेळा खोलीच्या. मोकळ्या वर्गात बोलले की आवाज भिंतींवरून परत येतो, आणि पोरे येऊन बसली की तोच वर्ग आवाज गिळतो, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते. आपल्या नव्या घरांत गुळगुळीत फरशी, सिमेंटचा स्लॅब, काचेच्या खिडक्या. त्यात पाच स्पीकर मांडले की शब्द एकमेकांत मिसळून जातात. चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरातली विकृती टक्क्याच्या दहाव्या-शंभराव्या भागात मोजतात. स्पीकर खर्जात कित्येक टक्के विकृती सहज करतो. आणि खोली तर एखादा खर्जाचा सूर दुप्पट-तिप्पट फुगविते. ज्या वृद्ध आईवडिलांना चित्रपटातले बोलणे उमजत नाही, त्यांच्यासाठी तीस-चाळीस हजारांचा रिसीव्हर बदलण्यापूर्वी एक जाड सतरंजी, दाट पडदे आणि मधला स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, एवढे करून पाहावे. अंकांनी चालणाऱ्या रिसीव्हरची एक खरी थोरवीही येथेच आहे. तो मायक्रोफोन लावून खोलीची परीक्षा घेतो आणि फुगलेले सूर कापतो. जुन्या पेटीला हे करता येत नाही.

जुन्याच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे, आणि ती आवाजाची नाही. १९७० च्या दशकातला चांगला स्टिरिओ रिसीव्हर आज उघडला, तर गावातला रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर त्यातले वाळलेले कपॅसिटर बदलून तो पुन्हा बोलता करू शकतो. नव्या पेटीतला एकाच पाटावर जमविलेला चिपांचा समूह बिघडला, की बहुधा पाटच बदलावा लागतो, आणि पाच-सात वर्षांनी तो पाट मिळेनासा होतो. एचडीएमआयची जोडणी २००२ च्या अखेरीस ठरली. त्याआधी घेतलेले किती तरी सुस्थितीतले रिसीव्हर केवळ ते छिद्र नाही म्हणून अडगळीत गेले.

आज मध्यम किमतीच्या पुष्कळ रिसीव्हरांत तोच जुना ट्रान्स्फॉर्मरचा ठोकळा आणि तीच ऊब आहे. अंक उलगडणारा भाग नवा, शक्ती देणारा भाग जुना. डी वर्ग मात्र दूरचित्रवाणी संचात, मोबाइलमध्ये, साउंडबारमध्ये आणि खर्जाच्या स्पीकरच्या पोटात कधीच जाऊन बसला आहे. तेव्हा चित्रपटासाठी नवा रिसीव्हर घ्यायचाच असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या वर्गासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. खोली तपासण्याची सोय, मधल्या स्पीकरचा दर्जा आणि मागच्या बाजूस ‘प्री-आउट’ नावाची छिद्रे आहेत की नाहीत, हे पाहावे. ती असली, तर घरातला जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर मोडीत काढावा लागत नाही. पुढचे दोन स्पीकर त्याला जोडता येतात, बाकीचे नवा सांभाळतो, आणि नुसते गाणे ऐकायचे असेल त्या दिवशी जुना एकटाही पुरतो.